राक्षसभुवनचा दुसरा अल्बम

अविनाश खरवंडीकरकडे मी पहिल्यांदा गेलो तो भांडायला. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमध्ये आमच्या आणि त्याच्या टाउनहाऊसची एक भिंत सामाईक होती. त्या भिंतीतून दर शनिवारी सकाळी असा आवाज यायचा की स्वयंपाकघरातले डबे मांडणीवर पुढे सरकायचे. एका शनिवारी पोह्यांचा डबा खाली पडला तेव्हा बायको म्हणाली, आज तरी जाऊन सांग. मी गेलो. गॅरेजचं दार अर्धं वर होतं. वाकून आत शिरलो तर पूर्ण टक्कल पडलेला, चष्मा लावलेला, इस्त्रीचा काळा टी-शर्ट पँटमध्ये खोचलेला एक गृहस्थ गळ्यात गिटार घालून उभा होता. त्याने माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, तुमचं अगदी बरोबर आहे म्हणाला, आणि मग विचारलं की भिंतीतून नक्की काय काय ऐकू येतं.

मी सांगितलं, ड्रम येतो, गिटार येते, किंचाळणं तर येतंच. पण खालून भरणा असा काही नाही, सगळं पोकळ वाटतं. लहानपणी मी तबल्याच्या दोन परीक्षा दिलेल्या, त्यामुळे हे मत जरा ऐटीतच दिलं. त्याने वळून ड्रमवर बसलेल्या आणि माइकपाशी उभ्या असलेल्या बाकीच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो. बेस पाहिजे."

तक्रार करायला गेलेला मी बेस गिटार घेऊन घरी आलो. बायकोने विचारलं, झालं का बोलणं? म्हटलं, झालं.

बँडमध्ये बेस वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. त्यामुळे पुढची काही वर्षं मला अविनाशकडे नीट बघता आलं.

हेवी मेटल वाजवणाऱ्या या बँडचं नाव राक्षसभुवन. हे नाव ऐकून अमेरिकन पोरं फार खूश व्हायची. हातभर कवट्या गोंदलेल्या एका पोराने अर्थ विचारला तेव्हा अविनाश म्हणाला, हाउस ऑफ डेमन्स. पोरगा आदराने दोन पावलं मागे सरकला. राक्षसभुवन हे बीड जिल्ह्यात गोदावरीच्या काठावरचं गाव आहे, तिथे शनीचं देऊळ आहे आणि त्या देवळाच्या मागच्या गल्लीत आपली आत्या राहते, हे अविनाशने त्याला सांगितलं नाही. आत्या मात्र दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर आवर्जून म्हणायची, आमच्या गावाचं नाव काढलंस हो.

अविनाश सनीव्हेलला एका चिप कंपनीत होता. दुसऱ्यांनी केलेल्या डिझाइनमधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. तो ते ऑफिसातच ठेवून येत नसे. गाणं रंगात आलेलं असताना हात वर करून थांबवायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्या ओळीत बग आहे." तालमीचं आमंत्रण कॅलेंडरवर यायचं, त्यात अजेंडा असायचा: वॉर्म-अप, जुनं गाणं, नवं गाणं, चहा, अ‍ॅक्शन आयटम्स. तालीम दुपारी बाराच्या ठोक्याला संपायची, कारण अविनाशला मुलीला, रियाला, गणिताच्या क्लासला सोडायचं असे आणि आमचा ड्रमर नितीन, जो पेशाने दातांचा डॉक्टर, त्याला मुलाच्या सॉकरला जायचं असे. नरकाच्या ज्वाळा साडेअकराला भडकायच्या आणि बाराला सगळे आपापल्या मिनीव्हॅनमध्ये असायचे.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने गॅरेजच्या भिंतींना थर्माकोल लावलं होतं. ते वर्षानुवर्षांच्या गणपतीच्या मखरांचं थर्माकोल होतं. त्यामुळे चिता, कवट्या आणि वेताळ यांची गाणी आम्ही सोनेरी कमानी आणि पिसारा फुलवलेल्या मोरांपुढे वाजवायचो. त्याची बायको वैशाली चहाचा ट्रे घेऊन यायची आणि विचारायची, भजनी मंडळाचं झालं का?

गाणी सगळी अविनाशने लिहिलेली. प्रत्येक गाण्यात रक्त असायचं. प्रत्यक्षात त्याला गॅरेजमध्ये कोळी दिसला तर तो कागदावर अलगद घेऊन कुंपणापर्यंत सोडून यायचा. चौरस्त्यावर चारी बाजूंना स्टॉपची पाटी असली की समोरच्याला हाताने जा जा म्हणत राहायचा, मागून हॉर्न वाजेपर्यंत. मेटलवाल्यांनी डोकं झटकत वाजवायचं असतं, पण डॉक्टरांनी त्याला मानेचा बेल्ट दिलेला. तेव्हा तो कमरेतून वाकायचा. लांबून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस गिटार सांभाळत कुणाच्या तरी पाया पडतोय.

गायचा विजू. विजू म्हणजे अविनाशचा इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचा मित्र. होस्टेलला चार वर्षं एका खोलीत राहिलेले, अमेरिकेतही एकमेकांच्या मागोमाग आलेले. विजूची किंकाळी एसटीने ब्रेक लावावा तशी सुरू व्हायची आणि एसटी उभी राहिली तरी थांबायची नाही. तिच्या जोरावर आमचा पहिला अल्बम निघाला. तो आमच्या नातेवाइकांनी घेतला आणि ऐकला नाही.

त्या वर्षी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आम्हाला बोलावलं गेलं. मंडळाच्या सांस्कृतिक सचिव देशमुखकाकूंनी आधी फोन करून सांगितलं होतं की हेवी मेटल चालेल, फक्त जरा हलकं करा. लहान मुलांची वेशभूषा आणि महाप्रसाद यांच्या मधली वेळ आम्हाला दिली होती. पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीला पुढच्या रांगेतल्या काकांनी कानातली यंत्रं काढून खिशात टाकली. कुणाचे तरी भारतातून आलेले वडील उठून वायरिंग बघायला गेले. शिवाजी आणि झाशीची राणी झालेली मुलं रडायला लागली, तेव्हा आयांनी त्यांना उचलून जेवणाच्या हॉलकडे धाव घेतली, त्यांच्या मागून बाकीचे गेले. पुऱ्या गरम होत्या तोवर सगळ्यांची जेवणं उरकली. देशमुखकाकूंनी शेवटी मनापासून आभार मानले. म्हणाल्या, दर वर्षी हॉल रिकामा करायला तास लागतो.

पुढच्या शनिवारच्या अजेंड्यावर अविनाशने लिहिलं, फीडबॅक: ऑडियन्सचा तात्काळ प्रतिसाद. त्यात चेष्टा नव्हती. तो खरंच खूश होता.

दुसरा अल्बम निम्मा रेकॉर्ड झालेला असताना विजू गेला. म्हणजे बॉथेलला गेला. सिअ‍ॅटलजवळ नवी नोकरी, मोठं घर, मागे झाडी. हे अविनाशला विजूने सांगितलं नाही. नोकऱ्यांच्या त्या साइटवर एके दिवशी विजूचा हसरा फोटो आला, नवी कंपनी, नवं गाव, आणि खाली तयार बटण होतं: अभिनंदन करा. अविनाश ऑफिसच्या कॅफेटेरियात रांगेत उभा होता. सवयीने बोट बटणावर गेलं. अभिनंदन गेल्यावर त्याला कळलं की आपण काय वाचलं.

शनिवारी विजू तालमीला आला. पाय ओढत आला. म्हणाला, "सांगणारच होतो रे. तू अजेंडा पाठवला होतास, त्यात कुठे जागा नव्हती."

अविनाश म्हणाला, "ठीक आहे," आणि पुढचा आयटम घेतला.

भांडण झालं नाही. मला वाटतं झालं असतं तर बरं झालं असतं. विजूला निरोप द्यायला आम्ही सगळे एका रेस्टॉरंटमध्ये जमलो; अविनाशने ऑफिसात काम आहे असं कळवलं. त्या संध्याकाळी निघताना मला तो दिसला. गॅरेजच्या दाराची मोटर खाली काढून, सगळे स्क्रू फरशीवर मांडून बसला होता. मोटर काही बिघडलेली नव्हती.

मग नव्या गायकाचा शोध सुरू झाला. कुठल्याशा कंपनीतला एक डायरेक्टर आला, त्याची अट होती की बँडच्या नावात आपलं नाव असावं. एक योगशिक्षक आला, त्याच्या मते आपण सगळे मुळात ओंकारच ओरडत असतो. एकाने प्रेताच्या गाण्याला इतका दर्द दिला की ते प्रेत प्रेमभंगाने गेलं असावं असं वाटलं. अविनाश प्रत्येकाला नंतर सविस्तर ईमेल पाठवायचा: तुमचे स्ट्राँग पॉइंट्स, सुधारणेला वाव.

आणि एका शनिवारी शर्वरी आली. नागपूरची, सॅन होजेला मास्टर्स करत होती. बारीक अंगाची, जाड चष्म्याची, पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि हातात थर्मास. सायकल कुंपणाला लावून दारात थांबली आणि म्हणाली, "काका, बूट बाहेर काढू का?"

अविनाशच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. मेटल गिटारिस्टला काय वाटेल ते म्हणावं, काका म्हणू नये.

मग तिने गायला सुरुवात केली. तो आवाज तिच्यातून येतोय हे कळायला आम्हाला वेळ लागला. नितीनने आधी माझ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे संशयाने पाहिलं. विहिरीच्या तळाशी कुणी दगड ओढत न्यावा तसा आवाज. मोरांच्या पिसाऱ्यावरची टिकली न् टिकली थरथरली. आतून वैशाली धावत आली, तिला वाटलं अविनाशला काहीतरी झालं. शर्वरीने थर्मासमधलं कोमट पाणी घेतलं आणि म्हणाली, सकाळची वेळ आहे, अजून गळा उघडला नाही.

कुठे शिकलीस, अविनाशने विचारलं. होस्टेलला, ती म्हणाली, उशीत तोंड घालून. घरी ओरडायची सोय नव्हती.

पुढच्या अजेंड्यावर पहिला आयटम होता, बँडमध्ये काका म्हणायचं नाही. शर्वरीने मान्य केलं. नावाने हाक मारून बघितली. "अविनाश," म्हणाली, थांबली, अस्वस्थ झाली आणि हळूच जोडलं, "काका." तो आयटम बरेच महिने उघडा राहिला.

खरी अडचण गाण्यांची झाली. ती सांगितलेलं सगळं गायची, पण वेताळाच्या गाण्याला आवाज लागेना. अविनाशला वाटलं पट्टीचा प्रश्न आहे. त्याने पट्टी बदलली, माइक बदलला, थर्माकोलची एक कमान हलवली. शेवटी ती म्हणाली, "काका, तुम्हाला वेताळाचा राग येतो का?"

"वेताळाचा राग कसा येईल?"

"मग मी कोणावर ओरडू? मला वेताळाने काही केलेलं नाही. माझ्या प्रोफेसरने केलंय."

अविनाश दुखावला. मेटलला एक परंपरा आहे, असं काहीतरी तो बोलला. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती, आणि त्याचं संपल्यावर तिने अगदी साधेपणाने विचारलं की तुम्हाला खरंच कशाचा राग येतो. त्याने प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाला, फ्रीवेवर सिग्नल न देता लेन बदलतात त्यांचा. ती म्हणाली, अजून? अविनाशने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुढच्या आयटमवर जाऊ," म्हणाला.

असा आठवडा गेला. वैशालीने माझ्या बायकोला सांगितलं की जेवताना बोलत नाही, कार ड्राइव्हवेत लावून आतच बसून राहतो. मग एका दुपारी आम्हा सगळ्यांच्या फोनवर नवं गाणं आलं. नाव होतं 'अभिनंदन'. त्यात रक्त नव्हतं, कवटी नव्हती.

एका खोलीत दोन खाटा होत्या.
तू उठून गेलास हे मला
कॉम्प्युटरने सांगितलं.
मी बटण दाबलं.
अभिनंदन.

एवढंच, आणि मग शेवटचा शब्द परत परत. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. पुढे काय बोललं गेलं ते मला ऐकू आलं नाही. नितीनने फक्त एवढंच विचारलं की ड्रम कुठून सुरू करू.

शर्वरीने ते गाणं एका दमात रेकॉर्ड केलं. तो शेवटचा शब्द ती अशी काही ओरडली की दुसऱ्या दिवशी एचओएकडून, म्हणजे तिथल्या हाउसिंग सोसायटीकडून, ईमेल आला: तुमच्या युनिटमध्ये कुणाला मदतीची गरज आहे का? अविनाशने उत्तर पाठवलं, नाही, धन्यवाद, वीकेंड छान जावो.

आता विजूने आधी गायलेल्या गाण्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. अविनाशचं मत स्पष्ट होतं. एका अल्बममध्ये दोन आवाज नकोत, कन्सिस्टन्सी पाहिजे, विजूचं सगळं पुसून शर्वरीने परत गायचं. तिने एकेक करून गायलं. राहिलं अगदी शेवटचं गाणं, ज्यात विजूची ती लांबलचक किंकाळी होती. शर्वरीने हेडफोनवर ती पूर्ण ऐकली आणि हेडफोन काढून ठेवला.

"हे मी नाही करणार," ती म्हणाली. "हे यांचं छान आहे. राहू द्या."

अविनाश म्हणाला, तो आता बँडमध्ये नाही. ती म्हणाली, आवाज तर आहे ना. अविनाशने माउस हातात घेतला. मी पुसतो, म्हणाला. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की पुसायचं का? ऑफिसात असल्या प्रश्नांना दिवसातून शंभरदा हो म्हणणारा माणूस स्क्रीनकडे बघत बसला. नितीन ड्रमचा स्क्रू पिळत होता. मी माझ्या तारांकडे बघत होतो. शेवटी अविनाशने माउस सोडला आणि म्हणाला, चला, रियाच्या क्लासची वेळ झाली. त्या आठवड्यात शाळांना सुट्टी होती, क्लास बंद होते.

अल्बम निघाला. मुखपृष्ठ रियाने केलं, म्हणजे अविनाशच्या मुलीने. ती बापाशी इंग्रजीतच बोलते. कवट्यांचं चित्र मागितलं तर म्हणाली, "बाबा, स्कल्स आर सो ओल्ड," आणि थर्माकोलच्या मोराचा लाल उजेडात फोटो काढून दिला. मोर इतका भयानक दिसला की त्या कवटीवाल्या पोराने तो टी-शर्टवर छापून घेतला.

मंडळात मात्र नाराजी पसरली. ज्यांनी पहिल्या अल्बमच्या वेळी कानातली यंत्रं काढली होती ते सांगू लागले की जुना गायक बरा होता. एक काका म्हणाले, विजूच्या किंचाळण्यात एक गोडवा होता, नव्या मुलीत तो नाही. देशमुखकाकूंना दुसऱ्या अल्बममध्ये पहिल्यासारखं मराठीपण जाणवलं नाही. मी विचारलं, काकू, दोन्ही ऐकलेत का? त्या म्हणाल्या, ऐकायला कशाला हवं, कळतं ना.

पुढच्या शनिवारी चहाच्या वेळी विजूचा फोन आला. अविनाश गिटारच्या तारा बदलत होता, हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. विजू म्हणाला, मुलगी भारी आहे. अविनाश म्हणाला, हं. विजू म्हणाला, शेवटच्या गाण्यात मला ठेवलंस. अविनाश म्हणाला, शर्वरीला वेळ नव्हता. शर्वरीने चहात बिस्किट बुडवलं ते तसंच धरून ठेवलं.

मग विजूने विचारलं, "ते 'अभिनंदन' माझ्यावर आहे का?"

अविनाशने तार खुंटीला गुंडाळली, ताणली, बोटाने वाजवून बघितली.

"नाही," तो म्हणाला. "एचओएवर आहे."

"वाटलंच," विजू म्हणाला. मग त्याने हवामान विचारलं. अविनाशने सविस्तर सांगितलं.

त्यानंतर आमचा एक कार्यक्रम सॅन होजेमध्ये झाला, एका बारमध्ये. बरेच बँड होते, पण सुरुवात रविवारी दुपारी, कारण वाजवणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना सगळ्यांनाच सोमवारी सकाळी मीटिंग असते. माझा तो शेवटचा कार्यक्रम. आम्ही दोन तासांवर, सॅक्रॅमेंटोजवळ घर घेतलं होतं. हे मात्र मी अजेंड्यावर आधीच टाकलं होतं.

आम्ही स्टेजवर चढलो तेव्हा मागे दाराजवळ विजू उभा दिसला. हातात कागदी कप. नितीनने शर्वरीला तो खुणेने दाखवला. नंतर म्हणाला, इकडे ऑफिसची मीटिंग होती. रविवारी. अविनाशने त्याला पाहिलं आणि गिटार आणखी एकदा ट्यून केली, जी आधीच ट्यून होती. 'अभिनंदन' झालं तेव्हा विजू जागेवरून हलला नाही, कपही तोंडाला लावला नाही. गाणं संपल्यावर लोक ओरडले, तो खाली बघत होता.

शेवटचं गाणं आलं. त्या किंकाळीची जागा शर्वरी स्टेजवर दर वेळी रिकामी सोडायची. तेवढा वेळ अविनाश गिटारवर भरून काढायचा. त्या दिवशी ती पुढे आली, माइक गर्दीच्या डोक्यावरून दाराकडे धरला आणि म्हणाली, "विजूकाका, या."

गोंदलेल्या पोरांनी विजूला वाट करून दिली. तो वर आला, माइक घेतला, डोळे मिटले आणि किंकाळी सुटली. पण बॉथेलच्या त्या मोठ्या घरात त्याने कधी सराव केला नसावा. मध्यावर आवाज फाटला, मग ठसका लागला आणि तो वाकून जोरजोरात खोकायला लागला. पोरांना वाटलं तेही गाण्यातच आहे. असा भीषण शेवट त्यांनी कधी ऐकला नव्हता. सगळा बार नाचायला लागला. अविनाशने त्या गडबडीत एक सूर चक्क चुकीचा वाजवला. मी शेजारीच होतो, मला स्वच्छ ऐकू आला. त्याने हात वर केला नाही. वाजवत राहिला.

सातच्या आत मी पार्किंगमध्ये होतो. शर्वरी आणि नितीन आत सामान गोळा करत होते. माझा अ‍ॅम्प्लिफायर अविनाशच्या मिनीव्हॅनमधून आणलेला, परत त्यातच न्यायचा होता, म्हणून तो ढकलत मी गाडीपाशी गेलो. डिकी बंद होती. पुढे दोघं बसले होते, अविनाश स्टिअरिंगवर, विजू शेजारी. इंजिन बंद. आतून अल्बम ऐकू येत होता, पहिल्या गाण्यापासून, मोठ्या आवाजात. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. विजूने काहीतरी विचारलं असावं, कारण अविनाशने बोटाने गाणं थोडं मागे नेलं आणि परत लावलं. मग विजू हसला. अविनाशने चष्मा काढून डॅशबोर्डवर ठेवला.

मी काचेवर टकटक करायला हात उचलला आणि खाली घेतला. अ‍ॅम्प्लिफायर नितीनच्या गाडीत त्याच्या मुलाच्या सॉकरच्या बॅगेवर कसाबसा बसवला. निघताना वळून पाहिलं, तेव्हा काचांवर आतून वाफ धरली होती आणि ती मोठी पांढरी गाडी गाण्याच्या तालावर जागच्या जागी हळूहळू हलत होती.